माळावरची टिकटिक

"तुमच्या हृदयाची एक झडप खराब झालीय, ती बदलावी लागेल," बारामतीचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी समोरच्या कागदावर पेनाने एक हृदय काढलं. बरं काढलं होतं. मी त्या चित्राकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं, की आज ढोबळी मिरचीच्या रोपांच्या ट्रेला पाणी कोण मारणार.

शेजारी आमचे हे बसले होते. त्यांनी विचारलं, "गोळ्यांनी न्हाय का भागायचं?" डॉक्टर नाही म्हणाले. आम्ही दोघं बाहेर आलो, बाकड्यावर बसलो, आणि तेव्हा कुठे मी यांचा हात घट्ट धरला. तोवर मी स्वतःला धीट बाई समजत होते.

ज्यांच्या हातात असाच कागद नुकताच पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. धीर देणारे पुष्कळ भेटतील तुम्हाला. मी भीतीबद्दल लिहिणार आहे. माझं ऑपरेशन झालं, टाके निघाले, छातीचं हाड सांधलं, पण भीती काही त्यांच्याबरोबर गेली नाही. ती मागे राहिली आणि घरात पाय पसरून बसली.

माझं नाव सुनंदा, वय एकोणपन्नास. इंदापूरपासून थोडं आत आमची रोपवाटिका आहे. मी आणि माझी धाकटी जाऊ मंगल, दोघी मिळून शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, मिरचीची, टोमॅटोची, कलिंगडाची रोपं करतो. शेतकरी येऊन घेऊन जातात. हे लोणी देवकरला कंपनीत आहेत. सकाळी सहाला कंपनीची गाडी त्यांना घेऊन गेली की पुढचा एक तास माझा. गेली सात-आठ वर्षं त्या तासात मी आमच्या मागच्या माळावर फिरायला जाते.

खेड्यात कुणी फिरायला जात नसतं. माणूस कुठेतरी जातं, काहीतरी आणायला जातं. सुरुवातीला वाटेत भेटेल तो विचारायचा, "कुठं निघाला?" मी सांगायचे, कुठंच नाही, फिरायला. मग समोरचा जरा थांबून विचारायचा, "बरं हाय न्हवं?" मंगलला तर हे कधीच पटलं नाही. दिवसभर पायाचे तुकडे पडेस्तोवर काम करायचं आणि वर हौसेनं माळ तुडवायचा, हे तिच्या मते खुळ्याचं लक्षण होतं.

मला तिथे का जावंसं वाटतं, हे तिला समजावता आलं नाही. शेडनेटमध्ये हजारो रोपं माझ्या तोंडाकडे बघत असतात. एक दिवस पाणी चुकलं की माना टाकतात. माळावर मी कुणालाच पाणी घालत नाही आणि तरी सगळं उगवतं. कुसळी गवत, तरवड, बोरी, हिवर. चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि तिथेच थबकून गातो. कधी चिंकारा दिसतो. आम्ही त्याला नुसतं हरणच म्हणतो. त्या सगळ्यांचं माझ्यावाचून उत्तम चाललेलं असतं, आणि ते बघून मला फार हलकं वाटतं.

माळावर लांडगेही आहेत. म्हणून शेळ्यावाल्यांची तिथे एक रीत आहे. सगळ्यात मोठ्या टेकाडावर तात्या शेळ्या घेऊन बसलेले असतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आवाज मात्र खणखणीत. उजाडलं की ते वरून हाळी देतात, "हाय काऽऽ?" माळावर जो कुणी असेल त्याने ओ द्यायची, "हाऽऽय." ओ आली की तात्या गप्प. नाही आली तर काठी घेऊन उतरतात. मी शेळ्यावाली नाही, पण पहिल्याच वर्षी त्यांनी मला या हजेरीत धरलं. "फिरणारी हाय का?" अशी माझी वेगळी हाळी असायची.

आजार पहिल्यांदा कळला तो याच टेकाडावर. निम्म्यात दम लागायला लागला. मी थांबायचे आणि पक्षी बघायला थांबले असं स्वतःलाच सांगायचे. त्या पावसाळ्यात मी फार पक्षी बघितले. मग आडवं झालं की खोकला यायला लागला. कुणी म्हणालं वय, कुणी म्हणालं थायरॉईड. एका सकाळी तात्यांनी हाळी दिली आणि ओ द्यायला माझ्याकडे श्वासच नव्हता. ते काठी घेऊन खाली आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, ही दमणूक न्हाय. दवाखाना गाठ."

बारामतीला टू डी इको केला. म्हणजे छातीवर गार जेली लावून हृदयाची सोनोग्राफी. दुखत अजिबात नाही. तपासणारी मुलगी माझ्याशी रोपांबद्दल बोलत होती, कुंडीत मिरची लावायची होती तिला. बोलता बोलता तिने मिरची सोडली आणि एकाच जागी यंत्र पुन्हा पुन्हा फिरवायला लागली.

आजाराचं नाव मायट्रल स्टेनोसिस. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यामध्ये एक दार असतं, ती मायट्रल झडप. ती आखडली की रक्त पुढे जायला अडतं आणि मागे फुफ्फुसात तुंबतं. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी घसा धरून ताप आला होता का, सांधे सुजले होते का. चौथीत असताना माझे दोन्ही गुडघे सुजले होते. आईने एरंडाची पानं बांधली, महिनाभराने सूज गेली, सगळे विसरले. झडप विसरली नव्हती. तेव्हा तुमच्या घरात कुणा पोराचा घसा दुखून ताप आला आणि सांधे धरले, तर पानं बांधत बसू नका.

झडप इतकी कडक झाली होती की नळीतून फुगा आत नेऊन ती उघडणं जमणार नव्हतं. पुण्याला ऑपरेशन ठरलं. दिवाळी होऊन गेली आणि आम्ही निघालो. घरातून बाहेर पडताना मी माळाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते आणि मंगलने माझी दृष्ट काढायला घेतली असती.

पुण्याच्या सर्जननी दोन प्रकारच्या झडपा सांगितल्या. एक जनावराच्या ऊतींपासून केलेली, ती काही वर्षांनी झिजते. दुसरी धातूची, मेकॅनिकल व्हॉल्व्ह. ती टिकते. "पण धातूवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते," ते म्हणाले. "आणि ती वाजते. घड्याळासारखी." माझ्या वयाला धातूची बरी, असं त्यांचं मत पडलं. मी मान हलवली. वाजण्याचं मी तेव्हा मनावरच घेतलं नाही.

ऑपरेशनच्या आधी ज्या कागदावर सही करतात, त्यात काय काय होऊ शकतं ते सगळं लिहिलेलं असतं. यांनी तो वाचला नाही. मी वाचला. तुम्ही वाचू नका असं मी म्हणणार नाही, पण एकट्याने वाचू नका. मी एकटीने वाचला आणि दुसऱ्या दिवशी स्ट्रेचरवरून आत नेईपर्यंत माझे दात वाजत होते. वॉर्डबॉयला वाटलं थंडी वाजतेय, त्याने आणखी एक पांघरूण घातलं.

जागी झाले तेव्हा तोंडात नळी होती. ती काढल्यावर एक तरुण डॉक्टर वाकून म्हणाले, "सुनंदाताई, आहात का आमच्याबरोबर?" मला तो माळच वाटला. घशातून जेमतेम आवाज काढून मी म्हणाले, "हाय." त्यांनी हसून हात हलवला आणि म्हणाले, "हाय, ताई, हाय!" मला इतकं हसू आलं, आणि हसल्यावर छातीच्या मधोमध अशी कळ गेली, की त्यानंतर आठवडाभर मी कुणाच्याच बोलण्यावर हसले नाही.

आणि तेव्हाच मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. टिक, टिक, टिक. आधी वाटलं, एखादं यंत्र असेल. मग मी श्वास रोखला, तरी तो चालूच. माझ्याच आतून येत होता.

पुढचे दिवस साधे होते, म्हणजे सगळ्यांना असतात तसेच. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं. नळीतून श्वास ओढून तीन गोळे वर चढवायचे, त्याला स्पायरोमीटर म्हणतात. फुफ्फुसं उघडावीत म्हणून ते करायचं असतं. चौथ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालवलं. खिडकीपाशी पोचले तर बाहेर दुसरी बिल्डिंग. मी तिथल्या कबुतराकडे पाच मिनिटं बघत उभी राहिले, आणि आयुष्यात मला कबुतराचं एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

घरी सोडताना सूचना दिल्या. तीन महिने वजन उचलायचं नाही. गोळी रोज ठरल्या वेळी. दर आठवड्याला रक्ताची आयएनआर तपासणी. रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्याचा हा आकडा असतो. माझा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. मी माळाबद्दल विचारलं. "दोन महिन्यांनी जा. सपाट जागी, सोबतीने. चालायचं रोज, पण पडायचं नाही," सर्जन म्हणाले.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. नारळ आणि बिस्किटाचे पुडे घेऊन येतात, पलंगाजवळ बसतात आणि असंच ऑपरेशन होऊन दगावलेल्या कुणाची तरी हकिगत सांगतात. मन मोकळं करायला येतात बिचारे. प्रत्येक जण जाताना मंगलला विचारायचा, आता तब्येत कशी? मंगल सांगायची, "बाकी झ्याक हाय, फकस्त रक्त लई पातळ झालंय म्हणं."

इथेच सगळं चुकलं, आणि आम्हाला कुणालाच कळलं नाही.

आमच्याकडे रक्त पातळ झालं म्हणजे माणसात जीव राहिला नाही. बाळंतिणीचं होतं, तापातून उठलेल्याचं होतं. मग त्याला खाऊपिऊ घालून ते घट्ट करतात. डॉक्टरांनी "रक्त पातळ ठेवायचं आहे" म्हटलेलं मंगलच्या कानावर पोचेपर्यंत "रक्त पातळ झालं आहे" झालं होतं, आणि तिने कंबर कसली. पालक, मेथी, शेपू, शेवग्याचा पाला, रोज दोन वेळा. एवढ्यावर भागेना म्हणून तिने आपल्याच रोपवाटिकेतल्या ट्रेमध्ये, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरून, गहू पेरले. मिरचीची रोपं असतात तिथे ओळीने गव्हांकुर. रोज सकाळी कापून, वाटून, हिरवागार पेलाभर रस माझ्यासमोर. मला वास सोसायचा नाही. ती उभी राहून संपवायला लावायची.

हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं, आणि ते या गोळीच्या बरोबर उलटं काम करतं. पुण्याच्या आहारतज्ज्ञ बाईंनी हे मला सांगितलं होतं. पण मी तेव्हा अंगातल्या नळ्या मोजत होते. यांना सांगायला आल्या तेव्हा हे औषधाच्या रांगेत होते. कागदावर इंग्रजीत होतं. आणि खरं सांगते, मला त्या पाल्याने बरं वाटत होतं. गालावर तजेला आला होता.

त्याच तजेल्यावर मी संक्रांतीच्या सुमारास पहिल्यांदा माळावर गेले. मंगल दंड धरून बरोबर. बांध संपून गवत सुरू झालं आणि तिथून तात्यांची हाळी आली, "फिरणारी हाय का?" मी ओ दिली. फार मोठी नाही निघाली, छाती अजून ओढायची. पण वरून तात्या उभे राहिलेले दिसले. त्या दिवशी चंडोल होता, बोरं पिकली होती, कुसळं साडीला चिकटली होती, आणि मला वाटलं, संपलं एकदाचं.

तो हंगाम कलिंगडाच्या रोपांचा. शेडनेटच्या दारात गाड्या लागलेल्या. त्या गडबडीत आम्ही दोन आठवडे रक्त तपासायलाच गेलो नाही. मग इंदापूरला जाऊन दिलं. संध्याकाळी लॅबमधून फोन आला. आकडा एक पॉइंट तीन. यांनी पुण्याला फोन लावला. पलीकडून एवढंच सांगितलं, आत्ता निघा, कशासाठीही थांबू नका.

गाडीत मी अंगाला हात लावून बघत होते. तोंड वाकडं झालं नाही ना, हाताची बोटं हलतात ना. मेंदूकडे गुठळी गेली तर काय होतं, ते मी सहीच्या कागदात वाचलं होतं. मंगल शेजारी बसून माझी पाठ चोळत होती. मला तिचा हातसुद्धा नको झाला होता.

पुन्हा इको झाला. झडप मोकळी हलत होती. नशीब. तरी पोटात इंजेक्शनं द्यायला आठवडाभर ठेवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, जेवणात काही बदल केला का? मंगल पुढे झाली. तिला वाटलं आपलं कौतुक होणार.

"डॉक्टर, रक्त लई पातळ झालं हुतं. मी घट्ट केलं."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि गुठळी, धातू, गोळी, पाला, सगळं सावकाश समजावलं. मंगलच्या चेहऱ्यावरचा एकेक रंग उतरत गेला. शेवटी ती म्हणाली, "म्हंजी मी आक्काला मारायला निगाले हुते." डॉक्टर म्हणाले, तसं नाही. पण ती ऐकत नव्हती, आणि मी, थोरली जाऊ, तिच्याकडे बघून एक शब्द बोलले नाही. मला त्या वेळी तिचा रागच आला होता. आज लिहिताना लाज वाटते.

निघताना डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं आणि त्या वाक्याने मला पुरतं बांधून टाकलं. "टिकटिक दबल्यासारखी वाटली, तर लगेच या."

तिथून माझं दुसरं आजारपण सुरू झालं. मी दिवसभर ऐकत बसले. मिक्सर लावू देईना, टीव्ही लावू देईना. बोअरची मोटर सुरू झाली की माझा जीव वरखाली. हेही जेवताना मान तिरकी करून ऐकायचे, आणि मी बघितलं की पटकन वाटीत बघायचे. पडेन म्हणून मी अंगणात जाईना. काटा लागून रक्त थांबणार नाही म्हणून चपलेशिवाय पाऊल टाकेना. माळ तर नावानेही नको. स्वयंपाकघरातून हिरवं गेलं, कोथिंबिरीचं पानसुद्धा. मंगल तिच्या चुलीपाशी आणि मी माझ्या. शेडनेटमध्ये आम्ही कामापुरतं बोलायचो. गव्हांकुराचे ट्रे तिने उलटे करून टाकले होते.

पुढच्या तपासणीला आकडा बरोबर आला. डॉक्टरांनी विचारलं, चालणं किती? मी म्हटलं, बंद आहे. पालेभाजी? बंद. ते खुर्चीत मागे टेकले. "पालेभाजी बंद नाही करायची, रोज सारखी खायची. एक वाटी तर एक वाटीच. आणि चालत नाही म्हणता, मग मी ऑपरेशन कशाला केलं?" मला रडू आलं. मी म्हटलं, तिथे मी पडले आणि कुणाला कळलंच नाही तर? ते म्हणाले, "सोबत न्या कुणाला तरी."

सोबत म्हणजे मंगलच होती. होळीनंतरची एक सकाळ. मी दारात चपला घालून उभी राहिले आणि तिला म्हटलं, चल. ती काही न विचारता आली. बांधापर्यंत गेलो आणि मागून गाडीचा हॉर्न ऐकू आला. रोपं न्यायला पिकअप आली होती, दारात दुसरं कुणी नव्हतं. मी तिला म्हटलं, जा तू, मी त्या बोरीपर्यंत जाऊन येते. तिला सोडवत नव्हतं. मीच हट्टाने पुढे झाले. सोबतीशिवाय जाऊ नका म्हटलेलं असताना मी गेले, ते चूकच. तुम्ही करू नका.

बोरीपाशी पोचले तोच वारा सुटला. आभाळ भरून आलं होतं. वाळलेलं गवत सगळ्या माळभर सळसळायला लागलं, आणि मी सवयीने आतलं ऐकायला गेले, तर काही नाही.

टिकटिक नव्हती.

मी श्वास रोखला. गवताचाच आवाज. मनगट धरलं, तर नाडी सापडेना. बांधाकडे बघितलं, मंगल शेडनेटच्या आत गेलेली. फोन घरी. मी खाली बसले, कुसळांवरच. डोक्यात यांचा डबा भरायचा राहिला का, असलं काहीतरी येत होतं. मला वाटलं, हे असंच येतं वाटतं, असं बसल्या जागी.

आणि टेकाडावरून हाळी आली. "फिरणारी हाय काऽऽ?"

दीड-दोन महिने मी माळावर नव्हते. तरी म्हातारा विचारत होता. मी ओ द्यायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही, तोंड नुसतं उघडं राहिलं. आणि त्या उघड्या तोंडातून मला स्वच्छ ऐकू आलं. टिक. टिक. टिक. टिक. भराभर, घाबरल्यासारखी, पण एकही न चुकवता.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, तोंड उघडलं की तो आवाज जास्त ऐकू येतो, बऱ्याच जणांना येतो. वाऱ्यात तो नुसता दबला होता. मला तेव्हा हे काही माहीत नव्हतं. मी तशीच आ वासून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. झडप आत बसून मघापासून ओ देत होती. हाय. हाय. हाय. मी तोंड मिटून घेतलं होतं म्हणून मला ऐकू आली नव्हती.

ओ न मिळाल्याने तात्या काठी टेकत उतरलेच. मला बसलेली बघून ते शेजारी बसले, शेळ्या भोवती जमल्या. मी म्हटलं, तात्या, मी इथे नव्हते, तरी हाळी देत होता?

"देत हुतो की. आन् ओ बी येत हुती."

ओ कुणाची, मी विचारलं.

"तुझी जाऊ. तू पुण्याला गेलीस तवापासनं रोज बांधावर येती. मी म्हणायचो, फिरणारी हाय का? ती तिथनं वरडायची, हाय, पुण्यात हाय. परत आलीस तवा म्हणायची, हाय, घरात हाय. तुज्यासंगं पुण्याला गेली तेवढं सोडलं, तर येक दिवस सुदिक चुकली न्हाय."

ज्या मंगलला माळावर रिकामं फिरणं खुळेपणा वाटायचा, ती. मी तिच्याशी बोलत नव्हते त्या दिवसांतही. रोज सकाळी, मी आत कानात जीव आणून टिकटिक मोजत असताना, ती बांधावर उभी राहून सगळ्या माळाला ओरडून सांगत होती, की मी आहे.

तात्यांनी मला बांधापर्यंत आणून सोडलं. मंगल पिकअप भरून देऊन धावत येत होती, हात कोकोपीटने भरलेले. माझा चेहरा बघून जागीच थांबली. मला बोलायचं बरंच होतं. पण मी तिचा भरलेला हात धरला आणि म्हटलं, उद्यापासून मेथी कर, रोज एक वाटी. तिने विचारलं, कुठल्या वाटीनं? आम्ही घरात जाऊन वाटी ठरवली. अजून तीच आहे, दुसऱ्या कशाला वापरू देत नाही.

आता आम्ही दोघी जातो. मंगल चालता चालता कुरकुर करते, इथे बघण्यासारखं काय आहे म्हणते, आणि परवा तिनेच मला टिटवीची अंडी दाखवली. भीती गेली नाही. वारा सुटला की येते. मग मी वाटेत थांबते आणि तोंड उघडते. लांबून बघणाऱ्याला वाटत असेल, बाई जांभई देतेय.

वरून हाळी येते, "फिरणारी हाय काऽऽ?" मंगल माझ्याकडे बघते. आता ती माझ्यासाठी ओ देत नाही. माझी मला द्यायला लावते.